हाताची यारी : तिच्या मर्यादा आणि तिची सुधारणा

या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय, राजकारण अशा मोठमोठ्या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आपले विचार मांडलेले आहेत. त्या मालिकेत एका लोखंडी रिळाचा आणि ते फिरविणाऱ्या दांड्याचा विषय घेऊन उभे राहताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीशी संपले. पुढे जे काही शिकलो ते लेथवर मदतनीस म्हणून उभे राहून, रद्दीच्या दुकानातून आणलेल्या आय. टी. आय.च्या पुस्तकांतून आणि संघटनेच्या कामात भेटलेल्या कारागिरांकडून. तेव्हा पंडिताचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु ज्या यंत्रावर आमच्या माणसांचे हात मोडतात ते यंत्र समजून घेणे हे कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो, आणि तेवढ्याच अधिकारावर हे चार शब्द मांडीत आहोत.

शहरातल्या वाचकांपैकी कित्येकांनी यारी जवळून पाहिली नसेल, म्हणून आधी तिची ओळख करून देतो. विहीर खोदताना किंवा जुन्या विहिरीतला गाळ उपसताना खालचा दगड-मुरूम वर आणावा लागतो. त्यासाठी विहिरीच्या काठावर एक खांब उभा करतात, त्याला पुढे आलेला आडवा हात असतो, त्या हाताच्या टोकाला कप्पी असते आणि कप्पीवरून तारेचा दोर खाली लोखंडी बादलीपर्यंत गेलेला असतो. दोराचे दुसरे टोक काठावरच्या रिळाला गुंडाळलेले असते. रीळ फिरले की बादली वर येते. या सगळ्या उभारणीला यारी म्हणतात, आणि रीळ, दातेरी चाके व दांडा यांचे जे यंत्र तिच्या पायाशी बसविलेले असते त्याला कारखान्यातले लोक विंच म्हणतात. मोठ्या कामावर आता डिझेल इंजिनाची यारी आली आहे, खोदाईची अवजड यंत्रे आली आहेत. परंतु गाळ उपसणे, दोन-तीन हात खोली वाढविणे, कडेचे बांधकाम करणे अशा लहान कामांवर, जिथे इंजिनाचे भाडे परवडत नाही तिथे, हाताने फिरवायची स्वस्त यारी आम्ही अजूनही पाहतो. आमचा विषय तीच आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका विहिरीवर आम्हांला जावे लागले. काम उक्ते होते, म्हणजे मजुरी दिवसावर नव्हे, तर खोलीच्या मापावर ठरलेली. टोळीत सहा माणसे होती. कडेच्या बांधकामाचा घडीव दगड बादलीतून खाली सोडीत असता दांडा धरलेल्या तरुण गड्याची मूठ निसटली, दांडा उलटा फिरला आणि त्याच्या उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडे मोडली. नशिबाने त्या क्षणी खाली बादलीच्या सरळ रेषेत कोणी नव्हते. आम्ही पोहोचलो तेव्हा ठेकेदार एवढेच म्हणाला, “हात सुटला त्याचा, त्याला मी काय करू?” ठेकेदाराचे हे बोलणे आम्हांला नवे नव्हते. परंतु मुलाची आईही तेच म्हणाली : “भाऊ, चूक पोराचीच हो. हात सुटला त्याचा.” ते ऐकून मात्र आम्ही विचारात पडलो. हात सुटणार नाही असा माणूस कुठे आहे? घाम येतो, डोळ्यात धूळ जाते, ठेच लागते, थकवा येतो. मग ज्या यंत्राला माणसाचा हात सुटणे चालतच नाही, त्या यंत्रात काही उणे आहे की नाही? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे कळले तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम या यंत्राचा हिशोब पाहू. समजा, रिळाचा व्यास १५ सेंटिमीटर आहे, म्हणजे त्रिज्या साडेसात. दांड्याची लांबी ३५ सेंटिमीटर आहे. दांड्याच्या लहान चाकाचे चार फेरे झाले म्हणजे रिळाच्या मोठ्या चाकाचा एक फेरा होतो. ३५ला साडेसातने भागून चाराने गुणले की उत्तर साधारण साडेअठरा येते. याचा अर्थ असा की मुठीवर एक किलोचा जोर लावला तर दोरावर साडेअठरा किलोचा बोजा तोलला जातो. दीडशे किलोची भरलेली बादली उचलायला मुठीवर आठ किलोचा, आणि घर्षण धरून सुमारे दहा किलोचा जोर पुरतो. हे ऐकून यंत्राने शक्ती निर्माण केली असे वाटते, आणि स्वस्त यंत्र विकणारा हेच सांगून ते विकतो. वास्तविक यंत्राने शक्ती निर्माण केलेली नसते. त्याने जोर कमी केला, पण फेरे वाढविले. विहीर पंधरा मीटर खोल असेल तर एक बादली वर आणण्यास दांड्याचे जवळजवळ १२७ फेरे होतात. मिनिटाला तीस फेरे धरले तरी चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो.

आता एका विहिरीचे काम डोळ्यांपुढे आणावे. सहा मीटर व्यासाची विहीर एक मीटरने खोल करावयाची आहे. तेवढ्यात सुमारे २८ घनमीटर खडक निघतो. आपला काळा पाषाण घनमीटरला पावणेतीन टनांच्या आसपास भरतो, म्हणजे सुमारे ७८ टन दगड वर आणायचा. बादलीचे वजन तीस किलो सोडले तर खेपेला १२० किलो दगड येतो. खेपा होतात साडेसहाशे आणि दांड्याचे फेरे होतात ऐंशी हजारांच्या वर. एका फेऱ्यात मूठ दोन मीटरांहून थोडे अधिक अंतर चालते. तेव्हा एक मीटर खोलीसाठी माणसांचे हात दहा किलोचा जोर लावीत सुमारे १८० किलोमीटर चालतात. मुंबईहून पुण्याला पोहोचून आणखी पुढे जावे, एवढे हे अंतर झाले.

माणूस दिवसभर टिकेल अशा बेताने सुमारे ७५ वॅट, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा हिस्सा, एवढे काम करू शकतो. क्षणभर तो याच्या कित्येक पट करील, पण तासन्‌तास नाही. वर सांगितलेल्या वेगाने दीडशे किलोची बादली ओढण्यास शंभराहून अधिक वॅट लागतात. म्हणून अशा यारीवर दोन माणसे हवीत. ठेकेदार एकावर भागवितो तेव्हा तो दुसऱ्याची मजुरी पहिल्याच्या छातीतून काढून घेत असतो. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे एक मीटर खोलीचे सारे वर ओढण्याचे काम विजेच्या हिशोबात घातले तर ते अवघे पाच युनिटांचे भरते, आणि मोटरीतला व्यय धरला तरी आठ-दहा युनिटांपलीकडे जाणार नाही. तेव्हा जिथे वीज किंवा इंजिन पोहोचू शकते तिथे माणसाला दांड्याला जुंपू नये, हे आमचे पहिले मत आहे. हाताच्या यंत्राची ही मर्यादा कोणत्याही सुधारणेने जाणारी नाही. परंतु काम लहान आहे, जागा अडचणीची आहे, वीज नाही, पैसा नाही, असे प्रसंग उरतातच. त्या प्रसंगी हाती येणारे यंत्र निदान अंग मोडणारे नसावे.

दुसरी मर्यादा यंत्रावर लिहिलेल्या आकड्याची. स्वस्त विंचावर ‘५०० किलो’ असा आकडा रंगविलेला असतो. पुष्कळदा तो आकडा ओढण्याचा असतो, उचलण्याचा नसतो. रबरी चाकांची हजार किलोची गाडी सपाट पक्क्या रस्त्यावर हलवायला वीस-तीस किलोचा ओढा पुरतो. तीच गाडी टांगून उचलायची झाली तर हजार किलो पुरे दोरावर येतात. शिवाय सपाटीवर दोर सुटला तर गाडी बहुधा जागेवर राहते, आणि विहिरीत सुटला तर बोजा खालच्या माणसांवर जातो. गाडीवर होडी चढविण्यासाठी किंवा अडकलेले वाहन ओढण्यासाठी केलेले यंत्र विहिरीवर आणून बसविणे ही आमच्याकडे सर्रास होणारी चूक आहे. यंत्र घेताना हा आकडा कशाचा, असे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर तो ओढण्याचाच समजावा.

हा आकडा आणखी एका रीतीने फसवितो. तो रिळावर दोराचा पहिला थर असतानाचा असतो. स्वस्त यंत्राचे रीळ लहान आणि अरुंद ठेवलेले असते, कारण लोखंड वाचते. पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या आणि दहा सेंटिमीटर रुंदीच्या रिळावर आठ मिलिमीटर जाडीचा पंधरा मीटर दोर गुंडाळला तर शेवटी चौथा थर चढतो. पहिल्या थराला दोराच्या मध्यापर्यंतची त्रिज्या ५.४ सेंटिमीटर होती, ती चौथ्या थराला ७.८ होते. त्रिज्या वाढली त्या प्रमाणात उचलण्याची ताकद घटते, आणि ५०० किलोचे यंत्र साडेतीनशेच्याही आत येते. विहिरीत याचा परिणाम असा होतो की बादली तळाशी असते तेव्हा यंत्र सर्वांत सबळ असते, आणि बादली काठाशी येते, म्हणजे ती पडली तर सर्वांत जास्त घातक अशा उंचीवर असते, तेव्हा ते सर्वांत दुबळे असते. गडीही तोवर शंभरावर फेरे देऊन थकलेला असतो. याच क्षणी दुसरा माणूस बादली काठावर ओढून घेण्यासाठी तिला हिसका देतो. अपघात पुष्कळदा काठाशी का होतात, याचे उत्तर या हिशोबात आहे.

तिसरे वैगुण्य घडणीचे. चांगल्या यंत्रात आस पितळी किंवा गनमेटलच्या बुशात फिरतो आणि त्याला ग्रीस देण्याची सोय असते. स्वस्त यंत्रात पत्र्याला भोक पाडून आस सरळ त्यात घातलेला असतो. काही महिन्यांत भोक लांबट होते, आस खाली बसतो आणि दोन दातेरी चाके एकमेकांपासून दूर सरतात. मग दाते पूर्ण खोलीने न अडकता नुसत्या टोकांनी अडकू लागतात, आणि टोकावर आलेला भार दात्याला मुळातून तोडतो. दाता तुटला तो लोखंड वाईट म्हणून, असे सांगतात. पण त्याचे कारण बहुतेक वेळा त्या झिजलेल्या भोकात असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हात सुटला म्हणजे नक्की काय होते? वरच्या हिशोबातले यंत्र घ्या. मूठ सुटून बादली खाली जाऊ लागली आणि तिचा वेग सेकंदाला अवघा एक मीटर झाला, म्हणजे माणूस भरभर चालतो त्याहूनही कमी, तर रीळ सेकंदाला दोनांहून अधिक फेरे घेते आणि दांडा त्याच्या चौपट, म्हणजे आठांहून अधिक. ३५ सेंटिमीटर लांबीच्या दांड्याचे टोक त्या वेळी ताशी ६७ किलोमीटर वेगाने फिरत असते. जे दातेरी चक्र माणसाचा जोर साडेअठरा पटींनी वाढविते, तेच उलट दिशेने बोजाचा वेग साडेअठरा पटींनी वाढवून दांड्याला देते. निसटलेला दांडा पुन्हा पकडण्यासाठी माणूस सहजप्रवृत्तीने हात पुढे करतो, आणि तिथे हाड मोडते. अशा वेळी दांडा पकडू नये, मागे सरावे, हे प्रत्येक गड्याला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

बोजा उलटा येऊ नये म्हणून यंत्राला एक खटका असतो. करवतीसारख्या तिरप्या दात्यांच्या चाकावर तो टकटक करीत घसरतो आणि चाक उलट फिरू लागले की दात्यात अडकतो. वर ओढताना तो पुरेसा आहे. परंतु खाली सोडताना तोच खटका हाताने उचलून धरावा लागतो, आणि खटका उचलला की सारा बोजा पुन्हा माणसाच्या मुठीवर येतो. स्वस्त यंत्र वर जाताना सुरक्षित आणि खाली येताना उघडे असते, असे म्हणण्यास हरकत नाही. आम्ही त्या विहिरीवर यंत्र तपासले तेव्हा खटका तारेने वर बांधून ठेवलेला आढळला. ठेकेदाराने लगेच बोट दाखविले : “पाहा, यांनीच बांधलाय.” ते खरेही होते. पण का बांधला? दर खेपेला रिकामी बादली खाली सोडताना खटका उचलून धरायचा आणि दुसऱ्या हाताने दांडा सव्वाशे वेळा उलटा फिरवायचा, यात वेळ जातो. काम उक्ते असल्यामुळे गेलेला वेळ मजुरीतून जातो. भुकेने त्या खटक्याला तार बांधली होती.

यातून आम्ही एक धडा घेतला, आणि या लेखातले सांगण्यासारखे मुख्य ते हेच. जी सुरक्षेची सोय काम मंदावते ती सोय उक्त्याच्या कामावर टिकणार नाही; कामगारच ती बांधून टाकील. तेव्हा सुधारणा अशी हवी की तिने हातही वाचावा आणि वेळही वाचावा.

स्वस्त हातयंत्राची अशी सुधारणा होऊ शकते याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडलेले आहे. १९७०च्या दशकात दुष्काळी भागांत बोअरविहिरींवर ओतीव लोखंडाचे हातपंप बसविले गेले. ते परदेशातल्या एका कुटुंबाच्या वापराच्या पंपांची नक्कल होती. आपल्याकडे एकेका पंपावर अख्खे गाव दिवसभर पाणी ओढी, आणि पंप थोड्याच काळात मोडून पडत. त्या दशकाच्या मध्यास अशा पंपांपैकी बहुसंख्य बंद असल्याचे आढळून आले. जालना आणि सोलापूर येथे त्यांत सुधारणा करण्याचे प्रयत्न झाले. सोलापूर पंपाची रचना एका स्वयंशिक्षित कारागिराची होती, असे सांगतात. त्याच्या डोक्यातली साखळी आणि पोलादी घडण यांच्या आधारे पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला आणि तो देशोदेशी गेला. मोडक्या पंपाबद्दल बायका पंप नीट हापसत नाहीत असे म्हणून तिथे कोणी थांबले असते, तर तो पंप झाला नसता. वापरणारा कसा वापरतो हे पाहून यंत्र बदलले गेले.

आमच्या ओळखीच्या एका लेथवाल्याला बरोबर घेऊन आम्ही त्या यारीवर जे बदल केले ते असे.

पहिला बदल ब्रेकचा. रिळाच्या बाजूला एक गुळगुळीत चाक बसविले आणि त्यावर अस्तर लावलेला पोलादी पट्टा आवळला. पट्टा आवळणाऱ्या लांब दांडीच्या टोकाला वजन टांगले. त्यामुळे हात काढला की ब्रेक आपोआप लागलेला असतो, आणि दांडी हाताने उचलून धरली तरच तो सुटतो. आता खटका या ब्रेकच्या चाकावर बसविला. त्याने असे होते की वर ओढताना ब्रेकचे चाक पट्ट्यात स्थिर उभे राहते आणि रीळ खटक्याच्या टकटकीसह त्याच्याजवळून मोकळे फिरते, म्हणून ब्रेकचा जाच होत नाही. मूठ सुटली की खटका त्या चाकात अडकतो, चाक पट्ट्यात धरलेले असते, आणि बादली बोटभर खाली येऊन थांबते. खाली सोडताना खटका उचलावाच लागत नाही, ब्रेकची दांडी थोडी उचलली की बादली बेताने उतरते. जो खटका उचलावा लागत नाही तो बांधण्याचे कारणही उरत नाही. खटके दोन बसवावेत, आणि एक दात्यात पूर्ण बसलेला असता दुसरा अर्ध्या दात्यावर राहील असे बसवावेत, म्हणजे थांबण्यापूर्वीचा झोल निम्मा होतो आणि एक मोडला तर दुसरा असतो.

दुसरा बदल लहान चाकाचा. दांड्याचे लहान दातेरी चाक आसावर सरकविता येईल असे केले. बादली ब्रेकवर उभी राहिली की हे चाक बाजूला सरकवून खुंटी घालायची. मग बादली खाली जाताना दांडा फिरतच नाही, तो नुसता उभा असतो. हाड मोडणारी गोष्टच दूर झाली. वेळेचा हिशोबही पाहावा. रिकामी बादली दांड्याने उलट फिरवून सोडण्यास दोन मिनिटे लागत. ब्रेकवर ती सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वेगाने अर्ध्या मिनिटात उतरते. खेपेला दीड मिनिट वाचले, म्हणजे साडेसहाशे खेपांना सोळा तास. टोळीने ही सुधारणा आमच्या उपदेशामुळे नव्हे, तर या सोळा तासांसाठी उचलून धरली.

ज्यांना थोडेच अंतर उचलायचे आहे, जसे गॅरेजात इंजिन वर घेणारे, त्यांच्यासाठी वेस्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा आट्यांचा ब्रेक चांगला. त्यात बोजाच स्वतःच्या वजनाने ब्रेकच्या तबकड्या दाबून धरतो आणि दांडा उलट फिरविला तेवढाच खाली येतो. विहिरीवर तो फार मंद पडतो. काही यंत्रांत दातेरी चाकाऐवजी आटे पाडलेला दांडा, म्हणजे वर्म गिअर, असतो. तो बोजा आपोआप धरतो खरा, पण धरून ठेवण्याचा हा गुण येतो तो घर्षणातून, आणि त्यात माणसाची निम्म्याहून अधिक मेहनत वाया जाते. शिवाय तेल व धक्के यांनी त्याची पकड कधी कधी निसटते. त्यावर एकट्यावर माणसाच्या जिवाचा भरवसा ठेवू नये.

तिसरा बदल रिळाचा. व्यास दोराच्या जाडीच्या अठरा-वीस पट ठेवावा, नाहीतर तारा वाकून वाकून तुटतात. आठ मिलिमीटरच्या दोराला १५ सेंटिमीटरचे रीळ ठीक. रुंदी एक फूट ठेवली तर पंधरा मीटर दोर एकाच थरात मावतो आणि काठाशी येऊन यंत्र दुबळे होत नाही. दोर नीट शेजारीशेजारी बसण्यासाठी पहिली कप्पी रिळापासून चार-पाच मीटर दूर असावी. बादली तळाला टेकली तरी रिळावर तीन वेढे उरलेच पाहिजेत. दोराचे टोक धरणाऱ्या स्क्रूवर बोजा येऊ देऊ नये.

चौथा बदल आसांना बुश घालण्याचा, आणि पाचवा दांड्यांचा. दोन बाजूंना दोन दांडे असतात ते एकमेकांशी काटकोनात बसवावेत. फेऱ्यात दोन जागी माणसाचा जोर चांगला लागतो आणि दोन जागी तो कमी पडतो; काटकोनात बसविल्यास एकाची कमजोर जागा दुसऱ्याच्या जोराच्या जागेशी येते. आसाची उंची जमिनीपासून साधारण एक मीटर असावी, म्हणजे कंबर मोडून वाकावे लागत नाही.

दोराच्या टोकाचे क्लॅम्प हे लहान दिसणारे पण जीव घेणारे प्रकरण आहे. क्लॅम्पची वाकडी सळई दोराच्या मोकळ्या टोकावर यावी आणि खोबण असलेली बैठक बोजा धरणाऱ्या दोरावर यावी. उलट बसविल्यास सळई चालत्या दोराला चिरडते. क्लॅम्प किमान तीन असावेत, आणि पहिला बोजा उचलल्यावर पुन्हा आवळावेत. तारा तुटून वर आलेला, चपटा झालेला किंवा गाठ बसलेला दोर टाकून द्यावा. यारीच्या मागच्या पायावर दगड रचून तोल साधतात. तेथे अंदाजाने चार दगड न ठेवता बोजा व अंतर यांचा गुणाकार करावा आणि निघेल त्याच्या तिप्पट वजन ठेवावे, कारण हिसक्याचा भार उभ्या भाराहून पुष्कळ अधिक असतो.

एवढे सारे करूनही या यंत्राने माणूस खाली सोडू नये, वर घेऊ नये. बादलीच्या कड्यावर पाय ठेवून उतरणारे गडी आम्ही पाहिले आहेत, आणि ते त्यांनी हौसेने केलेले नव्हते. शिडीच दिलेली नव्हती. शिडी ही चैन नाही, कामाचे हत्यार आहे. आणि बादली हलू लागली की खालच्या माणसांनी तिच्या सरळ रेषेतून बाजूला व्हावे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत बाजूला होण्यास जागा असते, फक्त तशी सवय लागावी लागते.

यंत्र योग्य झाले की नाही हे कसे ओळखावे? त्यासाठी इंजिनिअरची पदवी लागत नाही. यारी विहिरीवर नेण्यापूर्वी मोकळ्या जमिनीवर उभी करावी. दीडशे किलोचे काम असेल तर १९० किलो वजन जमिनीपासून वीतभर वर घ्यावे. रिळावर आणि चौकटीवर खडूने एक सरळ रेघ ओढावी. मग सर्वांनी हात काढून दहा मिनिटे दूर उभे राहावे. रेघ जुळलेली राहिली तर यंत्र कामाचे. सरकली तर ते यंत्र मुठीच्या भरवशावर उभे आहे असे समजून परत करावे. आमच्या टोळ्या या परीक्षेला ‘हात काढून पाहणे’ म्हणतात.

कायद्याविषयी दोन शब्द. १९४८च्या कारखाना कायद्याच्या २९व्या कलमाने उचलण्याच्या यंत्रावर सुरक्षित भार स्पष्ट लिहिलेला असावा आणि वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून त्याची पूर्ण तपासणी व्हावी, असे सांगितले. १९९६च्या बांधकाम कामगारांच्या कायद्याने कारखान्याबाहेरच्या कामांनाही हात घातला, परंतु दहा किंवा अधिक कामगारांची अट घातली. २०२० साली संसदेने असे अनेक कायदे एकत्र करून एक संहिता केली. विहिरीवरची टोळी बहुधा पाच-सहा जणांची. १९४८चा कायदा कारखान्याच्या भिंतीपाशी थांबला आणि १९९६चा दहाच्या आकड्यापाशी, आणि ही टोळी दोन्हींच्या बाहेर राहिली. हाड मात्र टोळीची संख्या पाहून मोडत नाही. म्हणून आम्ही संघटनेत एक नियम केला आहे. उक्त्याची बोली ठरतानाच हात काढून पाहण्याची अट घालायची, आणि ब्रेक, बुश व क्लॅम्प यांचा खर्च यंत्राच्या मालकाने करायचा. त्या यारीवर हा सारा खर्च चार गड्यांच्या काही दिवसांच्या मजुरीइतका आला. मोडलेल्या हाताने त्या घरातल्या कमावत्या माणसाची त्याहून कितीतरी अधिक दिवसांची मजुरी बुडाली होती. स्वस्त यंत्राच्या किमतीत ती रक्कम धरलेली नसते. ती नंतर भरावी लागते, आणि भरणारा यंत्राचा मालक नसतो.

तो मुलगा पुन्हा यारीवर आला. हात सरळ जुळला, पण मूठ पूर्वीसारखी वळत नाही. आता तो ब्रेकच्या दांडीवर बसतो, कारण तिला फार जोर लागत नाही. यंत्र बदलल्यानंतर पहिल्या दिवशी त्याची आई काठावर येऊन उभी राहिली होती. वजन वर टांगून सर्वांनी हात काढले, रेघ जागच्या जागी राहिली. बराच वेळ पाहून ती म्हणाली, “म्हणजे भाऊ, तवा बी हे करता आलं असतं?” आम्ही “हो” म्हणालो. चूक पोराची होती असे तिने पुन्हा कधी म्हटले नाही.